सत्यशीलाचा उजवा हात

१

बायनाबाई अलोणेंनी लेकीच्या हातावरचं फडकं उचललं आणि मी खिडकीकडे तोंड फिरवलं. नदीत फुगलेली प्रेतं मी पाहिली आहेत, रानडुकरानं फाडलेली माणसं पाहिली आहेत. पण त्या गुरुवारी सकाळी, चंद्रपूरच्या दवाखान्यातल्या खाटेवर जे होतं ते मला पाहवलं नाही.

उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं फुगून टम्म झाली होती. त्यांच्यावर पिवळट पाण्याचे फोड, एकाला एक चिकटून. काही फुटले होते आणि त्यांचं पाणी चादरीत मुरून कडक झालं होतं. खालचा ओठ एका बाजूनं सुजून लोंबत होता. उजवा डोळा तर दिसतच नव्हता. इंजेक्शनच्या गुंगीत ती पोरगी कण्हत होती.

"आज संध्याकाळची गाडी होती जी तिची," बायनाबाई म्हणाल्या. "दिल्लीची. रविवारी परीक्षा आहे."

"कायची परीक्षा?"

"जपानी भाषेची."

मी तेव्हा शहर ठाण्यात फौजदार होतो. साल सत्त्याऐंशी, डिसेंबर नुकताच लागला होता. बाबूपेठेच्या गरीब वस्तीतल्या मुलीनं जपानी शिकावं आणि दिल्लीला परीक्षेला जावं, हे ऐकून मी चकित झालो, पण हकीकत सरळ होती. सत्यशीला बी.ए. झालेली, वडील खाणीत काम करता करता वारलेले. ती बांबूकामाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकत होती. जपानच्या एका संस्थेनं त्या केंद्रातल्या एका विद्यार्थ्याला वर्षभर तिकडे नेऊन बांबूची कारागिरी शिकवायचं कबूल केलं होतं. जागा एकच, आणि अट अशी की जपानी भाषेची परीक्षा पास पाहिजे. परीक्षेला बसणारे तिघं होते. सत्यशीला, तिची मैत्रीण चंदा कोतपल्लीवार, आणि भामरागडकडचा लच्छू मडावी.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बिबा आहे," त्या म्हणाल्या. "जंगलातला साधा बिबा. त्याचं तेल कोणीतरी कशाला तरी चोपडून ठेवलं होतं. जागा बघा ना. अंगठा, दोन बोटं, ओठ. तळहात एकदम स्वच्छ आहे. डोळा तिनं नंतर त्याच बोटांनी चोळला असणार."

"कालचं काम आहे?"

"नाही. बिब्याचं तेल लागल्याबरोबर बहुतेकांना काही कळतही नाही. दीड-दोन दिवसांनी असं फुलून येतं. मंगळवारचा हिशोब करा."

मी बायनाबाईंकडे वळलो. मंगळवारी सत्यशीला कुठे होती? दिवसभर घरी, संध्याकाळी जपानीच्या वर्गाला, त्या म्हणाल्या. पण त्यांच्या मनात दुसरंच होतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आवाज खाली आणला.

"साहेब, डॉक्टरीणबाईले काय कळते मंगळवार का बुधवार. काल संध्याकाळी थे चंदा आलती आमच्या घरी. लाडू घेऊन, स्वेटर घेऊन. तिच्या बापाचा पोंभुर्ण्याले गोदाम आहे."

"मग?"

"त्या गोदामात बिब्याचे पोतेच्या पोते भरून आहेत जी."

२

भैयाजी कोतपल्लीवार हिरडा, बेहडा, मोहफूल, बिबा असल्या जंगलमालाचा मोठा व्यापारी. मी त्याच्या बैठकीत शिरलो तेव्हा तो गादीवर लोडाला टेकून पान खात होता. मी काय झालं ते सांगितलं. त्यानं हात जोडले नाहीत, उठला नाही, पोरगी कशी आहे म्हणून विचारलंही नाही.

"फौजदारसाहेब, त्या वस्तीत कोणाले ना कोणाले खाज-खरूज होतच राह्यते. त्याच्यासाठी तुम्ही माह्या घराच्या पायऱ्या कायले चढले?" असं म्हणून त्यानं पितळी पिकदाणीत पिंक टाकली. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

मी त्याला बाहेर काढलं आणि चंदाला बोलावलं. वीस-एकवीसची, गोरी, अंगानं भरलेली मुलगी. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"मी कशाला करीन हो काका? तिच्याशिवाय मला जपानी येतं का? सरांच्या वर्गात आम्ही अक्षरं तेवढी शिकलो. बोलायचं, समजायचं ते सगळं सत्यशीलानं शिकवलं. ती रोज पहाटे रेडिओवर जपानच्या स्टेशनचे धडे ऐकते. दोन वर्षं झाली. सोमवारपर्यंत आम्ही दोघी इथेच माडीवर पेन्सिल घेऊन चौकोन काळे करत बसायचो, घड्याळ लावून."

चौकोनांचं मला तेव्हा काही कळलं नाही. मुलींचा काहीतरी खेळ असेल म्हणून मी पुढे गेलो.

"पण जागा एकच आहे नं चंदा. ती जाईल तं तू जात नाही."

"मला बाबा जाऊ देणार आहेत का?" ती एकदम फटकन बोलली. "माझं लग्न ठरवून राह्यले ते. मी परीक्षा देते ती मला आवडते म्हणून. आणि जायचंच असतं तरी मी खालच्या पातळीला बसते, सत्यशीला वरच्या. माझा तिचा काय सामना?"

"बरं. मंगळवारी वर्गात तिनं काय काय हातात धरलं?"

चंदानं डोळे पुसून विचार केला. "मंगळवारी सरांनी कुंचल्यानं लिहायला लावलं. जाड काळ्या शाईनं, जुन्या वर्तमानपत्रांवर. शेवटचा सराव म्हणून. आमचे तिघांचे वेगळे कुंचले आहेत, बांबूच्या दांडीचे. दांडीवर नावाची चिठ्ठी आहे."

"आन् ओठाले काय लागलं असन?"

तिचा हात आपल्याच ओठाकडे गेला. मग हळूच म्हणाली, "तिला सवय आहे, काका. विचार करता करता दांडीचं टोक तोंडात धरते. सगळ्यांना माहीत आहे."

अंगठा, दोन बोटं, ओठ.

"ते कुंचले राह्यतात कुठी?"

"वर्गाच्या कपाटात. किल्ली सरांकडे. लच्छू लवकर येऊन काढून ठेवतो, शाई-कागद मी मांडते. शेवटी ज्याचा तो धुतो." तिच्या तोंडाचा रंग उडाला. "म्हणजे सर, लच्छू आणि मी, आमच्या तिघांपैकीच कोणीतरी."

३

वर्ग बिनबा गेटजवळच्या एका शाळेत भरायचा. गुणवंतराव मुसळे दिवसा तिथे हिंदी शिकवत आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी जपानी. अख्ख्या जिल्ह्यात जपानी येणारा हा एकच माणूस अशी त्यांची ख्याती होती. गॅदरिंगला पाहुणे म्हणून त्यांना बोलवायचे, ते फळ्यावर दोन-चार सुंदर अक्षरं काढून दाखवायचे, लोक टाळ्या वाजवायचे. पन्नाशीचा माणूस, परीटघडीचे कपडे, केसांना सुगंधी तेल.

मला पाहून त्यांचे डोळे भरून आले.

"माझी सर्वात गुणी विद्यार्थिनी हो, साहेब. ऐकल्यापासून मी जेवलो नाही."

त्यांनी स्वतः कपाट उघडलं. सत्यशीलाच्या नावाचा कुंचला मी रुमालानं धरून उजेडात नेला. दांडी पुसलेली होती, पण बांबूच्या पेराच्या खाचेत काहीतरी तपकिरी, चिकट राहून गेलं होतं. मी खिशातली चुन्याची डबी काढून त्यावर काडीनं थोडा चुना लावला. परीट कपड्यावर खूण करतात ते बिब्यानं आणि चुन्यानं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. बघता बघता तो डाग काळा कुळकुळीत झाला. इतर दोन कुंचले कोरे होते.

"अरेरे," मास्तर म्हणाले आणि खुर्चीवर बसले. "कोणाला सुचलं असेल असं? बिबा काय, घरोघरी असतो. आमच्याही दारावर लिंबू-मिरचीसोबत टांगलाय. पण एका मुलीचा हात!"

"ती परीक्षेले गेलीच तर?"

"कशी जाणार? साहेब, तुम्हाला कल्पना नाही. जपानी परीक्षा म्हणजे अक्षर. तीन तीन तास हात चालवावा लागतो. एक रेघ इकडची तिकडे झाली की शब्द बदलतो. म्हणून तर मी कुंचल्यानं घोटून घेतो. मी तिघांना बजावलं होतं, निबाचं चांगलं पेन घ्या, काळी शाई घ्या. मी स्वतः दोन वर्षांमागे दिल्लीत तिसऱ्या पातळीला बसलो तेव्हा माझ्या बोटांना घट्टे पडले होते." त्यांनी आपला उजवा हात पुढे करून दाखवला. स्वच्छ, मऊ हात होता. "तिचा हात गेला म्हणजे परीक्षा गेली. ज्यानं केलं त्यानं नेम धरून केलं."

"तुमचा कोणावर संशय?"

त्यांनी उठून कपाट बंद केलं, किल्ली खिशात टाकली. मग नाइलाज झाल्यासारखा चेहरा केला.

"नाव घ्यायला जीव होत नाही. लच्छू जंगलातला मुलगा, बिब्याची त्याला चांगली माहिती. सर्वात आधी वर्गात तोच येतो. आणि खोटं बोलतो. गेल्या डिसेंबरात वर्गाला आलाच नाही. विचारलं तर म्हणाला, नदीला पूर होता, भामरागडचा रस्ता बंद होता."

"डिसेंबरमध्ये पूर?"

"असेल बाबा. तिकडचं काय सांगता येतं?"

मी भामरागडला दोन वर्षं नोकरी केली होती. पावसाळ्यात तिथला रस्ता महिना महिना तुटलेला मी पाहिला होता. पण डिसेंबरात पर्लकोटा नदीच्या पात्रातून लोक धोतर न भिजवता जातात. मास्तरांना ते ठाऊक नसलं तरी मला होतं. लच्छू मडावी गेल्या डिसेंबरात पुरानं भामरागडात अडकला नव्हता. मग तो कुठे होता, आणि लपवत काय होता?

४

प्रशिक्षण केंद्राच्या पडवीत लच्छू बांबूच्या पातळ कामट्या सोलत बसला होता. पंचविशीचा, काळासावळा, मान खाली. माझा गणवेश पाहून त्यानं सुरी खाली ठेवली नाही. शेजारी मातीच्या भांड्यात काळंभोर तेल होतं.

"हे काय?"

"बिबा होय साहेब. टोपलीवर काळी नक्षी काढाले लागते."

त्यानं लपवायचा प्रयत्नही केला नाही. मी समोरच्या मोढ्यावर, बांबूच्या बुटक्या स्टुलावर, बसलो.

"लच्छू, मी भामरागडले राह्यलो आहे. गेल्या डिसेंबरात नदीले पूर नोयता. कुठी होता तू?"

त्याच्या हातातली कामटी मोडली. त्यानं तिचे तुकडे गोळा करून बाजूला ठेवले.

"दिल्लीले गेलतो," तो म्हणाला.

"कायले?"

"परीक्षेले. हेच परीक्षा, खालची पातळी. मास्तरले नाई सांगतलं. पोस्टानं फारम मागवला आन् गेलो. नापास झालो जी." त्यानं मान आणखी खाली घातली. "मास्तर फळ्यासमोर उभं करून म्हणाले असते, पाहा रे, हा जंगली दिल्लीले गेला. आधीच म्हणत होते, तुमच्या जातीले भाषा नाई येत. दोघी पोरींले मात्र सांगतलं मी. त्या नाई हासल्या."

मला आठवलं, मास्तर लच्छूचं नाव घेताना किती कष्टी दिसत होते.

"तुले यंदा पास व्हायचं आहे. जागा एक आहे. सत्यशीला गेली तं तुले नाई भेटत. बिबा तुह्याजवळ आहे. कुंचले तू काढते. मी काय समजाचं?"

आता त्यानं सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"साहेब, मले तिची परीक्षा बुडवाची असती तं मी तिचा हात काऊन जाळीन?"

"काऊन म्हणजे? लिहिणार कायनं?"

"लिहाचं नसतेच तिथी!" तो म्हणाला. "एक अक्षर लिहाचं नसते. छापील पेपर राह्यते. प्रश्नाखाली चार उत्तरं देल्ले असते, खऱ्या उत्तराचा चौकोन पेन्सिलनं काळा कराचा. बस. आन् टेप लावते, तो आयकून पुन्हा चौकोन काळे कराचे. डाव्या हातानं करा, उजव्यानं करा, कोन पाहते? पोरींले मी सगळं समजावून सांगतलं. चंदाच्या माडीवर दोघी तोच सराव करत होत्या. मले तिले अडवाचं असतं तं मी तिच्या कानात काही घातलं असतं, डोळ्यात घातलं असतं. हात घेऊन मी काय करू?"

मी मोढ्यावरून उठलो. चंदाच्या माडीवरचे चौकोन. निबाचं पेन, काळी शाई. बोटांना पडलेले घट्टे.

माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं. ते मी पडवीच्या बाहेर जाऊन थुंकलो.

५

दवाखान्यात परत जाऊन मी सत्यशीलाच्या पिशवीतलं परीक्षेचं प्रवेशपत्र पाहिलं. त्यावर इंग्रजीत छापलं होतं की येताना पेन्सिली आणि खोडरबर आणावा. शाईचं नाव नव्हतं.

दुपारी मी चंदा आणि लच्छूला घेऊन वर्गात गेलो. मास्तर वर्तमानपत्रांची घडी घालत होते. लच्छूला पोलिसासोबत पाहून त्यांनी दुःखानं मान हलवली.

"कबूल झाला का?"

"मास्तर, आधी मले एक सांगा. तुम्ही दिल्लीत ज्या परीक्षेले बसले, तिचा पेपर कसा होता? फळ्यावर काढून दाखवा."

"पेपर? म्हणजे, प्रश्न असतात. आपण उत्तरं लिहायची. निबंध असतो एक."

"कितीक मोठा?"

"दोन पानं. तिसऱ्या पातळीला दोन."

चंदानं लच्छूकडे पाहिलं. लच्छू खाली पाहत होता. मला वाटतं, त्याला त्या क्षणीही मास्तरांची लाज वाटत होती.

"त्या परीक्षेत निबंध नसतो," मी म्हणालो. "एक ओळ लिहाची नसते. पेन्सिलनं चौकोन काळे कराचे असतात. हा पोरगा गेल्या साली बसून आला. चंदाले माहीत आहे, सत्यशीलाले माहीत आहे. या वर्गात फक्त एका माणसाले वाटत होतं का उजवा हात गेला म्हणजे परीक्षा गेली. ज्यानं बिबा लावला त्यालेही तेच वाटत होतं. सकाळी तुम्हीच मले म्हणाले, ज्यानं केलं त्यानं नेम धरून केलं. नेम खरा होता, पण परीक्षा तुमच्या डोक्यातली होती. तुम्ही कधी दिल्लीले गेलेच नाई. सर्टिफिकेट दाखवा, मी आत्ता माफी मागतो."

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमालाची नीट घडी केली. मला वाटलं ते ओरडतील. ते अगदी शाळेतल्या आवाजात बोलले.

"दहा-पंधरा दिवसांत बरं होतं ते. डागही राहत नाहीत फारसे. डोळ्याचं मला माहीत नव्हतं. ओठाचं लक्षात आलं नाही."

"ओठाचं सगळ्यांना माहीत होतं," चंदा किंचाळली.

ते तिच्याकडे न बघता माझ्याशीच बोलत राहिले. जपानी त्यांनी एका जुन्या बालबोध पुस्तकावरून उचललं होतं. अक्षरं आणि थोडे शब्द. बाकी सगळं आपलं जुळवलेलं. त्यावर वर्षानुवर्षं मानाचं चाललं. मग दिवाळीआधी त्या जपानी संस्थेचे एक म्हातारे कारागीर चंद्रपूरला आले. सभा भरली. पाहुणा उभा राहून बोलला आणि सगळं सभागृह मास्तरांकडे पाहू लागलं.

"मला एक शब्द कळला नाही, साहेब. मी घसा धरला. तेवढ्यात ती उठली. म्हणाली, सरांचा घसा बसला आहे, सर मले सांगून राह्यले, मी तुम्हाले सांगते. आणि माझ्या खुर्चीजवळ वाकून, मीच पुटपुटतोय असं वाटावं म्हणून माझं तोंड हललं की नाही ते बघत, तिनं त्याचं सगळं भाषण मराठीत सांगितलं. माझ्या नावानं. टाळ्या मला पडल्या. हारही मला पडला."

"मग? तिनं कोणाले सांगितलं?"

"नाही ना! कोणालाच नाही. मलासुद्धा नाही." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चिरकला. "दुसऱ्या दिवशी येऊन नेहमीसारखी खाली बसली, मला सरच म्हणाली, मी फळ्यावर चुकीचं लिहिलं ते तसंच उतरवून घेतलं. तिनं चारचौघांत माझी फजिती केली असती तर मी सोसली असती. पण ती माझ्यावर दया करत होती. ती! माझ्यावर! रोज समोर बसून. ती पास होऊन जपानला गेली असती तर मला जन्मभर तिच्या दयेवर..."

"बस," मी म्हणालो.

मला त्या खोलीतली हवा नको झाली होती. सुगंधी तेल, शिळी शाई, खडू. लच्छूनं जाऊन खिडकी उघडली. मी शिपायाला सांगितलं, मास्तरांना घेऊन चल. दंडाला धरताना शिपाई जरा कचरला. त्याची पोरगी त्यांच्याच शाळेत होती.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो तेव्हा सत्यशीला उठून बसली होती. एकच डोळा उघडा. बायनाबाई तिला चमच्यानं पेज पाजत होत्या आणि पेज ओठाच्या कडेनं खाली ओघळत होती.

"सत्यशीला, ज्यानं केलं तो सापडला," मी म्हणालो.

"आत्ता नका सांगू," ती बोबड्या आवाजात म्हणाली. "रविवार होऊ द्या. गाडी गेली काय?"

"अवं, वेडी झाली काय?" बायनाबाई ओरडल्या. "या तोंडानं जाशीन? लोक पाह्यले तं काय म्हणतीन?"

"लोकायले नाई दाखवाले चालली मी. डावा हात आहे, कान आहेत, एक डोळा आहे. बाई, तू चाल माह्यासंग," ती आईला म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आधी साफ नाही म्हटलं, मग मलमाची डबी आणि पट्ट्या बांधून दिल्या. मी जीप दिली. स्टेशनवर डब्यातल्या बायका तिला पाहून सरकून बसल्या. एकीनं नाकाला पदर लावला आणि आपल्या पोराला दुसऱ्या बाकावर नेलं. चंदानं सत्यशीलाच्या खांद्यावर स्वेटर घातला आणि मुद्दाम तिला खेटून बसली. बापाला न विचारता ती आली होती. लच्छूनं सगळ्यांचं सामान वर टाकलं. गाडी हलेपर्यंत तो खिडकीतून मला काहीतरी सांगत होता, पण ऐकू आलं नाही.

६

मास्तरांवर दुखापतीचा गुन्हा दाखल झाला आणि दुसऱ्याच दिवशी जामीन झाला. जानेवारीत एका शाळेच्या गॅदरिंगला ते पाहुणे होते, फळ्यावर अक्षरं काढून दाखवली, टाळ्या मिळाल्या. चहाच्या टपरीवर मी कानांनी ऐकलं, "पोरगीच काही तरी उलटं बोलली असन मास्तरले. उगाच कोनी करते काय?" मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी निकाल आला. लच्छू पुन्हा नापास झाला, थोडक्यात. चंदा पास झाली, आणि निकालाच्या महिन्यातच तिचं लग्न लागलं. सत्यशीला तिच्या वरच्या, म्हणजे तिसऱ्या, पातळीला पास झाली. जपानच्या संस्थेचं बोलावणं आलं. तिच्या हातावर पांढुरके चट्टे राहिले होते. डोळा वाचला होता.

खटल्याची तारीख जवळ आली तेव्हा ती जबाबावर सही करायला ठाण्यात आली, बायनाबाईंसोबत. ती बसते न बसते तोच बाहेर मोटार थांबली. आत आले चार-पाच प्रतिष्ठित, पुढे भैयाजी कोतपल्लीवार. मागे मास्तर, परीटघडीचे कपडे, हातात नारळ.

"फौजदारसाहेब, मिटवून टाका," त्यांच्यातला एक जण माझ्या कानाशी लागला. "मुसळे मास्तर आपल्या समाजाचा माणूस आहे. तुमचा आमचा. त्या पोरीचं काय नुकसान झालं? चालली तं ती जपानले."

त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. "तुमचा आमचा" म्हणताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो उचलून बाजूला केला.

"तिले विचारा," मी म्हणालो.

भैयाजी सत्यशीलाकडे वळला. "बाई, विद्या देल्ली त्यानं तुले. गुरू होय तो. एवढा मोठा माणूस तुह्या पाया पडाले तयार आहे. आणखी काय पायजे? तडजोडीच्या कागदावर एक सही कर आन् मोकळी हो."

कोणीतरी मास्तरांना मागून ढकललं. ते पुढे आले. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि वाकले. त्यांचे दोन्ही हात तिच्या पावलांकडे निघाले. सगळे पाहत होते. बायनाबाईंनी घाबरून लेकीचा दंड धरला.

सत्यशीला खुर्ची मागे सारून उठली. पाय आखडून ती भिंतीला जाऊन टेकली.

"नोको," ती म्हणाली. "मले हात लावू नोका."

मास्तर तसेच वाकलेले राहिले. हात हवेत. त्यांना कोणी उठवायला पुढे आलं नाही.

"कुठी सही कराची आहे साहेब?" तिनं मला विचारलं. मी जबाब तिच्यापुढे सरकवला. तिनं पेन उचललं आणि सही केली, त्याच उजव्या हातानं. मग आईला म्हणाली, "चाल बाई."

जाताना तिनं मास्तरांना वळसा घातला. पोस्टमॉर्टेमच्या खोलीच्या दाराशी लोक जसं अंग चोरून जातात, तशी ती गेली.

भैयाजी काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. मी शिपायाला नारळ बाहेर फेकायला सांगितला आणि माणसं बाहेर काढायला सांगितली. मग मोरीवर जाऊन मी साबण लावून हात धुतले, कोपरापर्यंत.